रेघेखालचे तंजावर: मित्राचे प्रवासवर्णन वाचताना

तंजावरला, बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात, प्राकाराच्या भिंतीवर, तेथल्या मराठी गादीवरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. माझ्या मित्राने तो लेख एका जानेवारीच्या सकाळी अनवाणी पायांनी, भिंतीच्या कडेकडेने सरकत, ओळीमागून ओळ मोठ्याने वाचला. त्या वाचनाचे त्याने केलेले दहा पानांचे वर्णन संपल्यावर मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेल्या त्या देवळाच्या जोत्यावर तमिळ लेखांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्यानंतर जवळजवळ आठशे वर्षांनी त्याच आवारात कोणी आपल्या आजा-पणजांची हकिगत मराठीत लिहून ठेवावी, यात जे काही आहे ते सांगायला मी अर्धी कादंबरी खर्ची घातली असती. माझा मित्र एवढेच सांगतो की दगड नऊ वाजेपर्यंत थंड असतो, दहानंतर पाय पोळू लागतात, काही ठिकाणी अक्षरे बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि शहाजी राजांचे नाव जेथे येते तेथे भिंतीला पाठ टेकून एक तमिळ कुटुंब डब्यातला दहीभात खात बसले होते, म्हणून तेवढ्या चार ओळी त्याला त्यांचे जेवण झाल्यावर परत येऊन वाचाव्या लागल्या. जगातला सर्वांत मोठा शिलालेख असे त्या लेखाचे कौतुक सर्रास केले जाते. ते वाक्य त्याच्या पुस्तकात कोठेही नाही.

हे पुस्तक दुकानांत मिळणार नाही. त्याने ते स्वतःच्या खर्चाने छापून घेतले आहे आणि मागेल त्याला तो प्रत पाठवतो. पुस्तकात ज्या घरांत तो बसला, जेवला, त्या घरांची ओळख आपल्या नावावरून लागू नये, म्हणून छापील लेखात आपले नाव व पुस्तकाचे शीर्षक घेऊ नये अशी त्याची विनंती आहे आणि ती मी पाळते आहे. आमची मैत्री सांगलीच्या महाविद्यालयातली, म्हणजे चाळीस वर्षांची आहे. वाचकाने माझी स्तुती तेवढी पारखून घ्यावी. मी कादंबऱ्या लिहिते. त्याने आयुष्यभर महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात काम केले, जुने फेरफार, वतनांचे कागद, इनामांच्या सनदा काढून दिल्या, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी गरजेपोटी मोडी शिकला. त्याने लिहिलेले हे पहिले पुस्तक आहे.

ती मोडी या पुस्तकाचे खरे वाहन आहे, रेल्वे नव्हे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे त्या रेघेखाली गुंतवत नेतो. ऱ्हस्व-दीर्घ नसते, विरामचिन्हे नसतात, एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने विषयाच्या माहितीवरून ठरवायचे असते. तंजावर दरबाराचा हिशेब मराठीत आणि मोडीत ठेवला जात असे, आणि त्या कागदांचे गठ्ठे आजही तेथे आहेत. तमिळ देशात, कावेरीच्या काठी, तूप किती आले, देवळाला फुले किती गेली, कोणत्या गवयाला काय दिले, हे पुण्याच्या दफ्तरातल्यासारख्याच लिपीत पाहून त्याला काय वाटले, ते त्याने फार साधेपणाने लिहिले आहे. त्याला आपल्या कचेरीत आल्यासारखे वाटले. एवढ्या एका वाक्याने त्याने मराठी वाचकाला त्या राजवाड्याच्या आत नेऊन बसवले, आणि मी ते वाक्य वाचताना मनात म्हटले की माझ्या हातून येथे निदान दोन उपमा आल्या असत्या.

तीन हिवाळ्यांत तो तीनदा गेला. मिरजेहून बेंगळुरू, तेथून रात्रीच्या गाडीने सेलम, करूर, तिरुचिरापल्ली करीत सकाळी तंजावर. गाडीतल्या माणसांविषयी त्याने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही, आणि मला त्याची उणीव भासली नाही. मराठी प्रवासवर्णनात सहप्रवाशांच्या विनोदी तऱ्हा सांगण्याची जी सवय पडली आहे तिच्यापासून हे पुस्तक दूर आहे. प्रवास सुरू होतो तो तंजावरला उतरल्यावर, पायी, आणि बहुधा एखाद्या कागदाच्या मागाने.

येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्यावाचून माझा अभिप्राय अपुरा राहील. बारा वर्षांपासून माझ्या मनात सरफोजी राजांवरची कादंबरी आहे. त्यांचे आयुष्य कोणाही कादंबरीकाराला मोह पाडील असेच आहे. १७७७ चा जन्म, भोसल्यांच्या दूरच्या शाखेतला मुलगा, दहाव्या वर्षी तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेला. दत्तक पिता लगेच वारलेला, काका अमरसिंग गादीवर बसलेला आणि पोरगा राजवाड्यात जवळजवळ कोंडलेला. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री त्याची बाजू घेतो, त्याला मद्रासला हलवले जाते, तेथे तो इंग्रजी शिकतो. १७९८ मध्ये फेब्रुवारीत श्वार्ट्झ मरण पावतो आणि त्याच वर्षाच्या मध्यावर सरफोजी गादीवर येतात, म्हणजे ज्याने या क्षणासाठी धडपड केली त्याने तो क्षण पाहिला नाही. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे जातो आणि राजाच्या हाती किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा मुलूख उरतो. मग हा मुलूख नसलेला राजा तेहेतीस वर्षे पुस्तके जमवतो, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढतो, धन्वंतरी महाल या आपल्या रुग्णालयात वैद्य आणि डॉक्टर यांना एकत्र बसवतो, जगाचा भूगोल सांगणारी मराठी कुरवंजी, म्हणजे दक्षिणी धर्तीचे नृत्यनाट्य, रचतो, आणि १८२० मध्ये सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा घेऊन काशीला जातो व येताना पोथ्या घेऊन येतो. सरस्वती महाल या तंजावरच्या ग्रंथालयात आज ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत, त्यांत मराठीच ३,००० च्या वर आहेत.

माझ्या टिपणवह्यांत या सगळ्याची उत्तरे होती. सरफोजींनी राज्य का सोडले, त्यांना पाद्र्याविषयी काय वाटत होते, काशीच्या वाटेवर त्यांनी कोणाला काय सांगितले, हे मी ठरवून टाकले होते. मित्राचे पुस्तक वाचताना या प्रत्येक ठिकाणी मला तो उभा असलेला दिसला, आणि प्रत्येक ठिकाणी तो उंबऱ्यावर थांबला होता. कागद जेथे संपतो तेथे त्याचे वाक्य संपते. पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे समुद्रकिनारी मनोरा नावाची आठ मजल्यांची इमारत आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजींनी ती १८१४ मध्ये बांधली. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या दूरदेशीच्या विजयाची इमारत राजाने आपल्या किनाऱ्यावर उभारावी, याचा अर्थ काय लावावा? मी तीन अर्थ लावले होते: लाचारी, मुत्सद्देगिरी आणि जगात काय चालले आहे ते आपल्यालाही कळते हे दाखवण्याची हौस. मित्र तेथे एक दुपारभर बसला. समोरच्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या होत्या, हवा खारट होती, आणि जवळपास कोणालाही नेपोलियन कोण हे सांगता आले नाही, पण मनोरा सरफोजींचा हे सर्वांना ठाऊक होते. प्रकरण एवढ्यावर संपते. माझे तिन्ही अर्थ त्या दुपारीपुढे मला उतावीळ वाटले.

हा संयम कच्चेपणातून आलेला नाही, हे ठासून सांगायला हवे. अभिलेख कक्षात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला, कागदावर जे नाही ते बोलल्याने एखाद्या कुटुंबाची जमीन जाऊ शकते, हे माहीत असते. त्याच्यासाठी अंदाज ही बौद्धिक करमणूक नाही. सांबाराच्या गोष्टीचेच उदाहरण घेऊ. संभाजी राजे तंजावरला पाहुणे आले, आमटीत आमसुलाऐवजी चिंच घातली गेली आणि त्यावरून सांबार हे नाव पडले, ही गोष्ट महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा प्रत्येक जण सांगतो. मित्राने तिला एकच परिच्छेद दिला आहे: गोष्ट गोड आहे, त्या काळचा कागद कोणी दाखवलेला नाही, आणि शरभेंद्र पाकशास्त्र म्हणून राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा खराखुरा ग्रंथ सरस्वती महालात असताना तो सोडून या गोष्टीमागे का धावावे, असे त्याने विचारले आहे. मला हे पटले. मराठी माणसाने तंजावरात आपला अभिमान शोधत फिरावे आणि तंजावरातले मराठी मात्र पाहू नये, असे फार दिवस चालले आहे.

म्हणूनच सातवे प्रकरण वाचून मला दुःख झाले. तेथे मित्राने आपली रीत सोडली आहे. १७९९ चा तह होण्याच्या आदल्या रात्री बावीस वर्षांचे सरफोजी राजवाड्याच्या गच्चीवर एकटे फेऱ्या घालीत आहेत, खाली दिवे मंद होत आहेत, दूर बृहदीश्वराचे शिखर दिसते आहे, आणि त्यांच्या मनात शिवछत्रपतींचे स्मरण येते आहे, असा तेरा पानांचा प्रसंग त्याने रंगवला आहे. मला वाटते, तो त्याने माझ्यासाठी लिहिला. चाळीस वर्षे कादंबऱ्या लिहिणारी मैत्रीण हे पुस्तक वाचणार, तर तिला आवडेल असे काहीतरी आपल्याकडूनही असावे, असा त्यामागचा स्नेह मी ओळखते. पण या तेरा पानांतला एकही शब्द त्याचा नाही. मंद होणारे दिवे, फेऱ्या आणि स्मरण या वस्तू आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कोठारातल्या आहेत आणि आम्ही त्या इतक्या वापरल्या आहेत की त्यांची धार गेली आहे. जो माणूस बाकी पुस्तकभर दगड कधी तापतो ते सांगतो, त्याने त्या रात्री हवा कशी होती हे आपल्याला माहीत नाही, हे विसरावे याचा मला धक्का बसला. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण काढून टाकावे, असे मी त्याला पत्राने कळवले आहे आणि येथेही लिहिते.

त्याच विषयावरचे आठवे प्रकरण किती चांगले आहे ते पाहिले म्हणजे सातव्याची उणीव अधिकच जाणवते. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये श्वार्ट्झच्या मृत्यूचा संगमरवरी शिल्पपट आहे. सरफोजींनी तो लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतला. म्हातारा पाद्री अंथरुणावर आहे आणि राजा त्याचा हात धरून आहे. मित्र त्या शिल्पातले हात पाहतो, फक्त हात. कोणाचा हात वर आहे, बोटे कशी मिटली आहेत, दगड कोठे अधिक घोटलेला आहे. मग तो चर्चबाहेर येतो आणि सांगतो की श्वार्ट्झच्या थडग्यावर ज्या इंग्रजी ओळी आहेत त्याही राजानेच रचल्या, आणि हा राजा शेवटपर्यंत हिंदूच राहिला, देवळांना दाने देत राहिला, काशीला गेला. या दोन गोष्टी त्याने शेजारी ठेवल्या आहेत आणि मध्ये ‘पण’ घातलेला नाही. मी असते तर ‘पण’ घातला असता. या जागी मी पेन्सिलीने खूण केली आहे, माझ्या स्वतःच्या उपयोगासाठी.

मी सांगलीची आहे, म्हणून नाटकाविषयीची पाने मी दोनदा वाचली. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत सीतास्वयंवर केले आणि तेथून मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि तो दिवस रंगभूमी दिन म्हणून आजही साजरा होतो. तंजावरचे शहाजी राजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांच्या लक्ष्मीनारायण कल्याण या मराठी नाटकाचा काळ १६९० च्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे सांगलीच्या दीडशे वर्षे आधी. माझा मित्रही सांगलीचाच, पण त्याने वादात न पडता त्या नाटकांची बांधणी सांगितली आहे: सूत्रधार येतो, गणपतीचे स्तवन होते, पात्रांचा प्रवेश पदाने होतो, आणि रागाचे व तालाचे नाव पदाच्या माथ्यावर लिहिलेले असते. ही नाटके तमिळ, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या दरबारात लिहिली गेली आणि त्यांची रीत दक्षिणेतल्या यक्षगानाच्या जवळची आहे. सांगलीचा मान यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही, कारण तेथून लोकांची, तिकिटाची, गावोगाव फिरणारी रंगभूमी सुरू झाली. तरीही ‘पहिले’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरू नये, एवढे मी या पानांवरून मान्य केले आहे.

याच्या जोडीला कीर्तनाचे प्रकरण आहे आणि पुस्तकातले आनंदाचे प्रकरण तेच. मोरगावकर बोवा तंजावरला आले, त्यांचे मराठी कीर्तन तेथे रुजले, आणि ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला आजचे रूप दिले. त्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी बसली. मित्र एका संध्याकाळी कुंभकोणमजवळ हरिकथा ऐकायला गेला. त्याला तमिळ अगदी थोडे येते. कथा त्याला कळत नव्हती, आणि मध्येच बोवांनी साकी सुरू केली तेव्हा तिची चाल त्याच्या आईच्या तोंडची निघाली. त्या चालीत तमिळ शब्द होते. पुस्तकातला हा एकमेव प्रसंग आहे की जेथे तो रडल्याचे लिहितो, आणि तेही अर्ध्या ओळीत.

आता त्या घराविषयी, ज्याच्यासाठी हे पुस्तक मी प्रत्येक मराठी वाचकाच्या हाती द्यावे असे म्हणेन. राजवाड्याजवळच्या एका गल्लीत, पुढे ओटा आणि आत लांबट बोळ असलेल्या जुन्या घरात, ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. मित्र त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. दक्षिणी मराठी म्हणून ओळखली जाणारी ही बोली महाराष्ट्रापासून तीनशे वर्षांपूर्वी तुटली. तिच्यात आपण टाकून दिलेली रूपे टिकली आहेत आणि वाक्याची चाल पुष्कळदा तमिळच्या वळणाने जाते. पहिल्या भेटीत दोघांनाही एकमेकांचे निम्मेच कळले. अक्कांना त्याची मराठी वर्तमानपत्रासारखी वाटली, त्याला त्यांची पोथीसारखी. दुसऱ्या दिवशी त्याने बोलणे कमी केले आणि ऐकणे वाढवले. स्वयंपाकघरातली भांडी, नात्यांची नावे, देवापुढचे म्हणणे, लहान मुलाला दटावणे, या चार जागी भाषा सर्वांत जुनी राहिली आहे आणि बँक, शाळा, दवाखाना यांच्या जागी ती संपूर्ण तमिळ झाली आहे, हे त्याने त्या घरात बसून ओळखले. भाषेच्या अभ्यासकाने हे कोष्टकात मांडले असते. येथे ते एका सकाळच्या कामांच्या ओघात येते: चूल, आंघोळ, पूजा, मग नातवाला शाळेत सोडायला येणारी रिक्षा, आणि रिक्षावाल्याशी बोलताना उंबऱ्यावरच बदललेली भाषा.

अक्कांनी त्याला विचारले की तुमच्याकडचे लोक येतात, राजवाडा बघतात, आम्ही मराठे का ब्राह्मण ते विचारतात, शिवाजी महाराजांचे नाव घेतात आणि जातात, त्यांना आमच्याशी काय बोलायचे असते? मित्राने यावर काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. मी त्याला फोन करून विचारले. त्याने उत्तर दिलेच नव्हते.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने तंजावरची गादी बुडाली असे ठरवले. वाड्यातल्या मालमत्तेवरही कंपनीने ताबा बसवला. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अपिलाच्या सर्वांत वरच्या न्यायपीठाने, तो फिरवला. कौन्सिलचे म्हणणे असे की हे कृत्य राज्यसत्तेचे आहे, ते न्याय्य असो वा नसो, त्याची तपासणी न्यायालय करू शकत नाही. या खटल्यावर मित्राने लिहिलेली पाने कायद्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावीत. वाड्याच्या दारांना लाखेची मोहोर लागते, खोलीखोलीतल्या वस्तूंची यादी होते, बायका एका भागात राहतात आणि त्यांच्या नेसूच्या वस्त्रांपलीकडचे काय खासगी आणि काय सरकारी याचा काथ्याकूट सुरू होतो. जप्तीची यादी कशी करतात हे माहीत असलेल्या माणसाच्याच हातून हे लिहून होऊ शकते. येथे त्याचा राग दिसतो. तो आवाज चढवीत नाही, पण त्याची वाक्ये आखूड होतात.

माझी मोठी तक्रार आता सांगते. जमिनीच्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पुस्तकात तंजावरचा शेतकरी नाही. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे दक्षिणेचे भाताचे कोठार. जुन्या कल्लणै बंधाऱ्यापासून फुटलेल्या कालव्यांवर ते राज्य जगले, आणि सरस्वती महालातल्या पोथ्या, काशीची यात्रा, संगमरवरी शिल्प यांचा खर्च शेवटी त्या चिखलातूनच आला. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने तंजावर घेतले, १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजेने हा मुलूख उद्ध्वस्त केला, तेव्हा गावे ओस पडली. या गोष्टी पुस्तकात अर्ध्या पानात आटोपल्या आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र, म्हणजे सरफोजींनी आपली प्रेयसी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ बांधलेली, हत्ती-घोडे जुंपलेल्या रथासारख्या दर्शनी भागाची ती धर्मशाळा, त्याने मनापासून वर्णिली आहे. तेथे वाटसरूंना अन्न मिळे हे तो सांगतो. त्या अन्नाचे भात कोणत्या गावांच्या उत्पन्नातून येत होते हे त्याने शोधायला हवे होते, आणि ते शोधण्याची विद्या आमच्या ओळखीत त्याच्याइतकी कोणाकडेही नाही. तसेच, शेजारच्या तमिळ माणसाला हे मराठी राजे कोण वाटतात, परके की आपले, हा प्रश्नही राहून गेला आहे. पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवळात, जेथे देवीची मूर्ती मातीची आहे म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही, तेथे भोसल्यांचे नाव आजही कौतुकाने घेतले जाते असे तो लिहितो, आणि तेथे त्याला थांबून दोन माणसांशी बोलता आले असते. तमिळ येत नाही ही अडचण खरी. तिसऱ्या खेपेपर्यंत दुभाषी सोबत घ्यायला हवा होता.

पुस्तकाच्या निर्मितीबाबत थोडक्यात: २३२ पानांच्या पुस्तकात एकही नकाशा नाही, आणि तंजावर, कुंभकोणम, ओरत्तनाडू, मनोरा यांची एकमेकांपासूनची अंतरे वाचकाला कळत नाहीत. छायाचित्रे काळवंडली आहेत. शिलालेखाचे छायाचित्र तर असे छापले आहे की त्यातले एक अक्षरही लागत नाही, आणि ज्या पुस्तकाचा प्राण वाचन हा आहे त्यात हे क्षम्य नाही. गावांची नावे कोठे तमिळ उच्चारांप्रमाणे तर कोठे जुन्या मराठी वळणाने आली आहेत. सूची हवी होती. मोडी कागदांचे लिप्यंतर शेवटी दिले आहे ते मात्र निर्दोष आहे आणि मोडी शिकणाऱ्यांनी तेवढ्यासाठीही प्रत मागवावी.

माझ्या कादंबरीविषयी मित्राने विचारले तेव्हा मी त्याला खरे ते सांगितले. काशीयात्रेचा भाग मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आहे. राजा काय विचार करीत होता हे त्यात आता नाही. ३,००० माणसांचा तळ संध्याकाळी कसा पडत असेल, पाणी कोण आणत असेल, हिशेब लिहिणारा कारकून दिव्यापाशी बसून आधी रेघ कशी ओढत असेल, एवढेच लिहिते आहे. धन्वंतरी महालातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एका रोग्याविषयी मित्राने एक पान लिहिले आहे आणि नोंद जेथे थांबते तेथे तोही थांबला आहे. पट्टी सोडल्यावर त्या माणसाला प्रथम काय दिसले हे मला लिहायचे आहे. हे लिहिण्याचा अधिकार कादंबरीकाराला आहे असे मी अजूनही मानते, फक्त त्यासाठी आधी त्या नोंदीपाशी त्याच्याइतका वेळ बसले पाहिजे.

छापखान्यातून आलेली पहिली प्रत त्याने अक्कांना पाठवली. त्यांच्या मुलाचा फोन आला की पुस्तक पोचले, देव्हाऱ्यापाशी ठेवले आहे, पण आईला वाचता येणार नाही. अक्का मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, आणि अक्षरे त्यांना तमिळच येतात. तेव्हा येत्या जूनमध्ये तो चौथ्यांदा तंजावरला जाणार आहे आणि ते सबंध प्रकरण त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवणार आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे साधारणपणे १२ जूनला उघडतात आणि काही दिवसांत पाणी कल्लणैला पोचते. त्या दिवसांत शेते पाहता येतील, म्हणून मीही त्याच्याबरोबर जाते आहे.